नावाला ओ

लष्कर, ग्वाल्हेर
१२ डिसेंबर १९५०

सौ. उषाताईस सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर नाही म्हणून तू फुगून बसली असशील. फुग, पण दोष माझा नाही. मला सरकारनं धरलं आहे. आमच्या शाळेतल्या चार मास्तरणींना मतदारयादीच्या कामाला जुंपलंय. सकाळी शाळा, दुपारी दारोदार. आमचा धाकटा श्रीपाद म्हणतो, ताई, इतकी तर टपालवाल्याचीही पायपीट होत नाही.

झालंय असं की पहिल्या फेरीला कारकून फिरले. बायकांची नावं विचारली तेव्हा ओसरीवरच्या पुरुषांनी जे सांगितलं ते लिहून घेऊन आले. मला मिळालेल्या पानाचा नमुना बघ: दौलतसिंह की पत्नी. मानसिंगराव की माँ. जयसिंहराव की बड़ी बहू. जयसिंहराव की छोटी बहू. तुकोजी की विधवा. फूलबागेमागची ती मराठा सरदारांची गल्ली तुला आठवत असेल, आपण लहानपणी जिथं घोडे बघायला जायचो. त्या अख्ख्या गल्लीत त्रेचाळीस बायका, आणि एकीलाही नाव नाही. आता वरून हुकूम आलाय की असल्या नोंदी चालणार नाहीत. नाव द्या, नाहीतर यादीतून कट.

संस्थान गेलं, मध्यभारत आलं, राजधानी सहा महिने इथं आणि सहा महिने इंदूरला फिरू लागली, पण त्या गल्लीचा पडदा काही हललेला नाही. पहिल्याच दिवशी दौलतसिंहांकडे गेले. रिसाल्यात मोठे अंमलदार होते, फौज विलीन झाल्यापासून घरी बसून असतात. त्यांनी मला खुर्ची दिली, अदबीनं बोलले आणि सांगितलं की आमच्या घरातल्या बायकांची नावं उंबरठ्याबाहेर जात नाहीत. आत गेले तर त्यांच्या पत्नी, सगळी गल्ली त्यांना वहिनीसाहेब म्हणते, त्यांनी चहा दिला, चिवडा दिला, माझे यजमान कशानं गेले ते विचारलं, जाऊन किती वर्षं झाली ते विचारलं, आणि मी नाव विचारल्यावर हसून म्हणाल्या, यांना विचारा.

बाहेरचा म्हणतो आत, आतली म्हणते बाहेर. मी मधल्या चौकात उभी. तू तिकडे महिला परिषदेत भाषणं करतेस, जरा सांग, या बायकांना काय म्हणून विनवू?

तुझी
शरयू


पुणे
२ जानेवारी १९५१

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी परिषदेच्या बैठकीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी ते पान मला पुन्हा वाचायला लावलं. तुझ्या मराठीत मात्र हिंदी फार घुसलंय हं, एक जण म्हणाली, ही बाई तिकडचीच का? मी म्हटलं, माझी सख्खी आतेबहीण, पेशव्यांच्या वेळी तिकडे गेलेलं घराणं, आता एवढं चालायचंच.

विनवायचं काय? सांगायचं. त्यांना सांग की मराठा, ब्राह्मण, सधवा, विधवा, सरदारीण, मोलकरीण हे सगळे पुरुषांनी पाडलेले वाटे आहेत. त्याखाली बाई एकच आहे. घटनेनं तिला पहिल्यांदाच नवऱ्याच्या बरोबरीनं उभं केलंय आणि तिथं उभं राहायला फक्त एक गोष्ट लागते, तिचं स्वतःचं नाव. त्याशिवाय आपण बायका नुसती एक संख्या आहोत.

एक पथ्य पाळ. बाई स्वतःच्या तोंडानं जे सांगेल तेच लिही. नाव असो, नवऱ्याचा रकाना असो, तिच्या शब्दावर पुरुषाची खात्री मागायची नाही. तत्त्व म्हणून हे घट्ट धर.

इकडे सर्व क्षेम. हे हल्ली बरेचदा मुंबईला असतात, हायकोर्टातली कामं वाढली आहेत. घर मोठं वाटतं. काम आहे म्हणून बरं.

तुझी
उषाताई


लष्कर
२० फेब्रुवारी १९५१

प्रिय उषाताई,

आधी एक विनंती. पाकिटावर माझ्या नावामागं ‘गं. भा.’ लिहीत जाऊ नकोस. टपालवाला पत्र देताना हळहळतो, आणि मला त्याचं सांत्वन करावं लागतं. सगळ्या वाट्यांखाली बाई एकच म्हणतेस आणि पाकिटावर वाटा पाडून पाठवतेस.

आता तुझ्या पथ्यानं काय झालं ते ऐक.

दौलतसिंहांच्या मागच्या अंगणात, तबेल्याला लागून दोन खोल्या आहेत. तिथं लीला नावाची बाई राहते. वहिनीसाहेबांचं माहेर देवासचं. त्यांच्या लग्नात बारा वर्षांची ही पोर पाठराखीण म्हणून आली आणि परत गेलीच नाही. पुढं काय झालं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. वीस वर्षं ती त्या दोन खोल्यांत आहे. दौलतसिंहांपासून एक मुलगी झाली, ती लग्न होऊन झाशीला गेली. मी तिच्या दारात गेले तेव्हा ती डाळ निवडत होती. मी नाव विचारायच्या आत म्हणाली, “लिहा ना. लीला. पूरा नाम इतना ही है.”

बापाचं नाव तिला माहीत नाही. नवऱ्याच्या रकान्याशी माझी लेखणी थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “दौलतसिंह लिहा. दुसरं कोण आहे?” मग तिनं सांगितलं की याआधी एकदाच तिचं नाव कागदावर आलं होतं. वहिनीसाहेबांबरोबर देवासहून जे पाठवलं त्याच्या यादीत, पितळी भांड्यांच्या खाली.

मी लिहिलं. तुझं पथ्य होतं म्हणून लिहिलं आणि खरं सांगायचं तर दोन महिने त्या गल्लीनं मला चहावर वाटेला लावलं त्याचा रागही त्यात होता. कच्ची यादी फूलबागेजवळच्या भिंतीवर लागली. दौलतसिंहांच्या घरात बाईमाणसाचं एकच नाव: लीला, पती दौलतसिंह. सकाळी फिरायला येणारे सगळे लष्करवाले ते वाचून गेले.

चौथ्या दिवशी वहिनीसाहेबांनी टांगा पाठवून मला बोलावलं. मला वाटलं, आता शिव्या. पण त्या शांत होत्या. म्हणाल्या, “शरयूबाई, तीस वर्षं मी माझं नाव कुणाला सांगितलं नाही. ते मी देते. गल्लीतल्या सगळ्या देतील, मी त्यांना आणीन. तिचं नाव तेवढं काढा.” मी म्हटलं, नियमात असं बसत नाही. त्या म्हणाल्या, “मग आम्हीही बसत नाही.”

हरकतीचा अर्ज त्यांच्या घरून गेलाच आहे. मतदारयादीच्या साहेबांनी माझा जबाब मागितलाय: सदर स्त्री या घरात राहते की नाही? मी ‘राहते’ लिहिलं तर लीला राहील आणि त्रेचाळीस जातील. ‘नाही’ लिहिलं तर उलट. तुम्ही परिषदेत अशी गणितं सोडवता का? मला दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही. त्वरित कळव.

तुझी
शरयू


पुणे
५ मार्च १९५१

चि. शरयूस,

यात विचार करण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. एकीकडे त्रेचाळीस घरंदाज बायका, ज्या पहिल्यांदा तोंड उघडायला तयार झाल्या आहेत. दुसरीकडे एक. चळवळ अशी एकेका माणसावर अडून राहत नाही. लीलाचं पुढं बघता येईल, आधी स्त्रियांचं होऊ दे.

आणि भाबडेपणा सोड. अशा बायका बिचाऱ्या असतात असं समजू नकोस. दुसरीच्या घरात शिरून वीस वर्षं बसायला जे लागतं ते तिच्याकडे भरपूर आहे. कायद्यानं लग्न झालेल्या बाईनं रोज सकाळी त्या दोन खोल्यांचा धूर बघायचा, आणि तू नवऱ्याचा रकाना हिच्या नावानं भरलास. मी ‘बाई सांगेल ते लिही’ म्हटलं होतं ते हिच्यासाठी नव्हे.

जबाब लिहून टाक. त्रेचाळीस नावं झाली की मला कळव, अहवाल छापायला जायचा आहे.

उषाताई


लष्कर
२८ एप्रिल १९५१

प्रिय उषाताई,

झालं. त्रेचाळीस.

वहिनीसाहेबांनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा मुहूर्त धरला. गल्लीतल्या सगळ्या एका छपराखाली येतात आणि पुरुष फिरकत नाहीत, असा तो एकच दिवस. मी अर्थातच आत नव्हते. तुझी एकच बाई असली तरी हळदीकुंकवात माझं बसणं बरं दिसत नाही, तेव्हा तुकोजींच्या विधवा पत्नी आणि मी बाहेरच्या पडवीत. त्यांच्या हाती आंब्याची डाळ, माझ्या हाती फॉर्म.

एकेक बाहेर यायची. कपाळाला ताजं कुंकू, हाताला अत्तर. तरीही कोणाच्या तोंडून नाव फुटेना. नवऱ्याचं नाव घ्यायला उखाण्याचा आधार असतो, स्वतःचं नाव कशात गुंडाळून घ्यायचं? शेवटी वहिनीसाहेब माझ्याजवळ वाकल्या, म्हणाल्या, “तुम्ही ते कागदावर लिहा. पण तोंडानं घ्यायचं नाही. कुणीच घ्यायचं नाही. वचन द्या.” मी दिलं. मला वाटलं त्यात काय, यादी तर वाचायची असते. मग त्यांनी माझ्या कानात सांगितलं, राजलक्ष्मी. त्यांच्यामागून बाकीच्यांनी. एक साठीच्या बाई आहेत. त्यांना लग्नानंतर ठेवलेलं नाव आठवेना. हाकच कधी मारली गेली नव्हती. आत जाऊन सासरच्या कुणाला तरी विचारून आल्या: सुमन.

मी त्या वेळी खूश होते, उषाताई, ते नाकारत नाही. त्रेचाळीस बायकांचा श्वास माझ्या कानाला लागला होता.

दुसऱ्या दिवशी जबाब लिहिला: सदर स्त्री या घरात राहत नाही. मनाची समजूत अशी घातली की लीलाच्या खोल्यांना एक दार मागच्या बोळात उघडतं, तेव्हा ती बोळातली रहिवासी. बोळाच्या पत्त्यावर तिचा नवा अर्ज मी स्वतः भरून दिला, नवऱ्याच्या रकान्यात रेघ मारून. तिला जाऊन सांगितलं की नाव इकडून तिकडे केलंय. ती म्हणाली, “आहे ना पण? बस.” मला गुळाचा खडा दिला. मी तो तिथंच खाल्ला, घरी आणावा लागू नये म्हणून.

शरयू


पुणे
९ जुलै १९५१

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

अहवाल छापून आला. ‘ग्वाल्हेरच्या त्रेचाळीस’ असं वेगळं प्रकरणच केलंय. कानात नाव सांगण्याचा प्रसंग वाचून कितीतरी जणींच्या डोळ्यांत पाणी आलं. नागपूर, सोलापूरहून प्रती मागवल्या आहेत. तुझं नाव मुद्दाम घातलंय, मागं पुढं काही न लावता.

प्रकृती जरा बरी नाही. डॉक्टर म्हणतात झोप घ्या. तू का लिहीत नाहीस?

उषाताई


लष्कर
१४ ऑक्टोबर १९५१

प्रिय उषाताई,

लिहीत नव्हते कारण लिहिण्यासारखं नव्हतं.

लीलाचा अर्ज परत आला. बोळाला घरनंबरच नाहीत, आणि नंबराशिवाय रहिवास धरता येत नाही, असा शेरा आहे. ज्यांच्या सहीनं नंबर मिळाला असता ते साहेब मे महिन्यात राजधानीबरोबर इंदूरला गेले. मी तिकडे तीन पत्रं घातली. ते परत आले तेव्हा मुदत संपून पंधरा दिवस झाले होते. त्यांनी मला बसवून घेऊन समजावलं की बाई, पुढच्या निवडणुकीला बघू. भला माणूस आहे, त्याच्यावर रागावताही येईना.

म्हणजे आता असं आहे. राजलक्ष्मीबाईंच्या घरात ती राहत नाही, हे माझ्या सहीनं. बोळातही ती राहत नाही, हे साहेबांच्या सहीनं. आणि दर गुरुवारी ती मला दाल बाज़ारात भेटते, पिशवी सावरत विचारते, “बाई, मतदान कधी?” आणि मी सांगते, जानेवारीत. पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही.

आणखी एक. मार्चमधलं तुझं पत्र मी परवा पुन्हा काढून वाचलं. ‘रोज सकाळी त्या दोन खोल्यांचा धूर.’ उषाताई, धुराचं मी तुला काही लिहिलं नव्हतं. सभेत बोलावं तशी तू मला नेहमी लिहितेस, त्या एका पानावरच तू तशी नाहीस. काय झालंय?

शरयू


पुणे
३ डिसेंबर १९५१

शरयू,

हे पत्र वाचून फाडून टाक.

हे मुंबईला जात नाहीत. शुक्रवार पेठेत एक घर घेतलंय. चार वर्षं झाली. तिचं नाव मला माहीत आहे पण मी ते लिहिणार नाही. आमच्या गच्चीवरून त्या घराचं धुराडं दिसतं. मी सकाळी तुळशीला पाणी घालायला गच्चीवर जाते आणि ते बघते, आणि मग अकरा वाजता परिषदेत जाऊन ठराव मांडते की सर्व स्त्रिया एक आहेत.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं तेव्हा मी लीलाला ओळखलं. तुझ्या लीलाला नव्हे, माझ्या. मला वाटलं, हिचं नाव नवऱ्याच्या नावाशेजारी छापून आलं तर मी जगात कुठं उभी राहू? राजलक्ष्मीबाईंच्या जागी मी बसले होते आणि तुला हुकूम मी तिथून सोडला. तत्त्वाचं नाव दिलं, एवढंच.

तू जबाब लिहिलास त्याचं ओझं माझ्या अंगावर घाल. पण घालून काय होणार? मला माहीत आहे की तुझ्या हातून तिचं नाव गेलं ते चुकलं, आणि आजही कोणी विचारलं तर मी तेच लिहायला सांगेन. असं माझं झालंय. ‘बाई’ म्हणून मी जे सगळ्यांना सांगत फिरते त्यात माझ्या गच्चीसमोरची ती बाई बसवायला गेले की मी बाहेर पडते.

परिषदेला मतदानाचा आकडा हवाय. त्रेचाळीसपैकी किती जणींनी मत दिलं. तेवढा कळव. निदान तेवढं तरी खरं ठरू दे.

तुझी
उषा


लष्कर
१८ जानेवारी १९५२

प्रिय उषाताई,

तुझं पत्र फाडलं. तुला आकडा हवा होता तो आधी देते. त्रेचाळीसपैकी शून्य.

आता कसं ते.

आमच्या शाळेच्या हॉलमध्ये बायकांचं केंद्र होतं. कनात लावली होती, टेबलापाशी मी, शाईची बाटली घेऊन आमची एक शिक्षिका, आणि माझ्या मागं बाकावर उमेदवारांचे तीन प्रतिनिधी, तिघेही पुरुष. त्यातला एक दाल बाज़ारातला आडत्या, अर्ध्या गल्लीचा किराणा त्याच्याकडून येतो. आदल्या दिवशी आम्हाला पद्धत समजावली. बाई टेबलापाशी आली की यादीतलं तिचं नाव तिच्या पतीच्या नावासकट मोठ्यानं पुकारायचं. प्रतिनिधींना ऐकू गेलं पाहिजे, कारण खोटी बाई असेल तर त्यांना हरकत घेता यावी. बाईनं ओ द्यायची, मग शाई, मग मतपत्रिका. मी केंद्राध्यक्षांना सांगितलं की या बायकांना मी वचन दिलंय. ते म्हणाले, बाईजी, वचन तुमचं आहे, कायदा सगळ्यांचा आहे. रात्रीपूर्वी गल्लीत निरोप धाडता आला असता. मी धाडला नाही. मला वाटलं, हळू म्हणेन, निभावून जाईल.

सकाळी आठला दार उघडलं तेव्हा लीला उभी होती. इस्त्रीची साडी, डोईवर पदर, पण चेहरा उघडा. मी तिला खुणेनं थांबायला सांगितलं. म्हणजे अजूनही तिला सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, इतके गुरुवार गेले आणि मी सांगितलं नव्हतं. ती भिंतीशी उभी राहिली. इतर गल्ल्यांतल्या बायका येऊन मत देऊन गेल्या. ती दर वेळी मला हसून दाखवायची, की तुमचं चालू द्या.

अकराच्या सुमाराला पडदे लावलेले टांगे आले, एकामागून एक, नऊ. राजलक्ष्मीबाई सगळ्यांच्या पुढं. माझ्यासमोर आल्या तेव्हा त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. उषाताई, त्या खरंच आल्या होत्या. दौलतसिंहांचा शब्द मोडून आल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

मी हळू म्हटलं, राजलक्ष्मी, पती दौलतसिंह.

मागून आडत्या म्हणाला, “बाईजी, ज़ोर से. सुनाई नहीं दिया.”

केंद्राध्यक्षांनी मान हलवली. मी मोठ्यानं पुकारलं. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. आडत्यानं ते नाव आपल्याशीच एकदा उच्चारलं आणि आपल्या यादीवर खूण केली.

त्या बोलल्या नाहीत. पदराआड चेहरा दिसत नव्हता. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी दुसऱ्यांदा पुकारलं. मागच्या रांगेत कुजबूज झाली, कोणी तरी ‘अगं बाई’ म्हणालं. नियमानं तिसऱ्यांदा पुकारावं लागतं. तिसऱ्यांदा मी पुकारलं तेव्हा माझा स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही.

तेव्हा भिंतीपाशी उभी असलेली लीला पुढं आली. तिला वाटलं ओळख पटत नाही म्हणून अडलंय. ती केंद्राध्यक्षांना म्हणाली, “यही हैं साहब. मैं पहचानती हूँ. इनके साथ देवास से आई हूँ.”

मदत म्हणून म्हणाली. त्यात दुसरं काही नव्हतं, मी तिचा चेहरा बघत होते.

राजलक्ष्मीबाई एकदाच तिच्याकडे वळल्या. मग माझ्याकडे. मी ‘राहत नाही’ लिहून दिलेली बाई हॉलमध्ये उभी राहून त्यांची खात्री देत होती, आणि मी वचन दिलेलं नाव आडत्याच्या तोंडात होतं. त्या मागं फिरल्या. त्यांच्यामागं बाकीच्या. बेचाळीस पदर कनातीतून बाहेर गेले. सुमनताई दाराशी थोडं घुटमळल्या, मग त्याही. टांगे वळायला जागा कमी होती म्हणून बराच वेळ घोड्यांचे आवाज येत राहिले. शिक्षिकेनं शाईच्या बाटलीला बूच लावलं.

लीला टेबलासमोर तशीच उभी होती. तिला अजून कळलं नव्हतं की काय झालं. म्हणाली, “अब मेरा नाम लो.”

मी यादी उघडली. ती यादी मला पाठ आहे, तरी पानं उलटली. बोट खाली खाली नेलं. तिला वाचता येत नाही, पण माझं बोट कुठंच थांबत नाही हे तिला कळत होतं. शेवटच्या पानावर मी यादी मिटली आणि म्हटलं की नाव नाही.

“तुम्ही लिहिलं होतं ना?”

मी म्हटलं, लिहिलं होतं.

ती वाकून, मागच्या पुरुषांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “सूची में न हो तो न सही. एक बार ज़ोर से बोल दो, जसं त्यांचं बोललात तसं. मी ओ देईन.”

उषाताई, मला ते करता आलं असतं. दोन अक्षरं होती. पण केंद्राध्यक्ष बघत होते, आडत्या बघत होता, आणि यादीत नसलेलं नाव पुकारायचा मला अधिकार नव्हता. मी तिच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं आणि म्हटलं, “पुढच्या.”

तिच्यामागं कोणी नव्हतं.

शरयू